मित्रांचे मित्र काढणारी क्वेरी पुन्हा पुन्हा अडते तेव्हा: ग्राफ डेटाबेसमधलं निदान आणि दुरुस्ती

तक्रार बहुतेक वेळा याच क्रमाने येते. 'तुमच्या ओळखीचे असू शकतात' अशी यादी दाखवायची असते, त्यासाठी ग्राफ डेटाबेस (माणसं आणि त्यांच्यातली नाती थेट जोडून साठवणारा डेटाबेस) घेतलेला असतो आणि मित्रांचे मित्र काढणारी क्वेरी लिहिलेली असते. चाचणीच्या डेटावर ती क्षणात उत्तर देते. खरा डेटा भरला की मात्र एकच माणूस यादीत दहा-पंधरा वेळा दिसू लागतो, किंवा ज्याच्यासाठी यादी काढली तो स्वतःच तिच्यात येऊन बसतो, किंवा तीच क्वेरी एका वापरकर्त्यासाठी झटकन संपते आणि दुसऱ्यासाठी टाइमआउट होईपर्यंत चालत राहते. मग कोणी डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच दाखवणारा शब्द) लावतं, कोणी लिमिट (ओळींच्या संख्येवर मर्यादा) घालतं, कोणी सर्व्हरची मेमरी वाढवतं. तेवढ्यापुरतं भागतं आणि थोड्या दिवसांनी दुखणं वेगळ्या रूपात परत येतं.

ते परत येतं कारण मुळाला कोणी हात लावलेला नसतो. आपण माणसं मागतोय असं आपल्याला वाटतं, पण ग्राफ डेटाबेस वाटा शोधून देतो. पॅटर्न जितक्या प्रकारे जुळेल तितक्या ओळी. स्नेहा आणि मंदार यांचे सात सामायिक मित्र असतील तर स्नेहापासून मंदारपर्यंत दोन पावलांच्या सात वाटा आहेत, म्हणून मंदार सात वेळा येणार. डेटाबेसने विचारलं तेच दिलं. खाली जे जे आहे ते या एका गोष्टीतून निघतं.

उदाहरणं निओफोरजे हा ग्राफ डेटाबेस आणि त्याची सायफर ही क्वेरी-भाषा धरून दिली आहेत. मेमग्राफ या दुसऱ्या ग्राफ डेटाबेसमध्येही सायफरच चालते, त्यामुळे पॅटर्न तिथेही तेच. ग्रेमलिन या दुसऱ्या क्वेरी-भाषेत वागणूक जिथे खरोखर वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

स्वतःच स्वतःच्या यादीत

नेहमीचा पॅटर्न असा असतो (गोल कंसात नोड, म्हणजे इथे माणूस; चौकोनी कंसात दोन नोडना जोडणारं नातं):

(मी)-[:मैत्री]-(मित्र)-[:मैत्री]-(सुचवलेला)

सायफरचा नियम असा की एका मॅचमध्ये (पॅटर्न शोधणाऱ्या एका कलमात) एक नातं एकदाच वापरता येतं. नोड पुन्हा आला तर चालतो, नातं पुन्हा आलेलं चालत नाही. म्हणजे ज्या नात्याने मित्राकडे गेलो त्याच नात्याने परत फिरता येत नाही आणि 'सुचवलेला' म्हणून मी स्वतः यायलाच नको. तरीही येत असेल तर दोन ठिकाणी पाहा.

पहिली शक्यता, पॅटर्न दोन वेगळ्या मॅचमध्ये तोडलेला आहे. वरचा नियम एका मॅचपुरताच आहे. पहिल्या मॅचने मित्र काढले आणि दुसऱ्या मॅचने त्यांचे मित्र काढले, की दुसऱ्याला पहिल्याने कोणती नाती वापरली याची काही आठवण नसते. इलाज सोपा आहे: दोन्ही एकत्र करा, नाहीतर व्हेअरमध्ये (अटीच्या कलमात) 'सुचवलेला हा मी नव्हे' असं स्पष्ट लिहा. मी तर एकाच मॅचमध्येही ते लिहितोच. खर्च नगण्य आणि पुढे कोणी क्वेरी तोडली तरी बिघडत नाही.

दुसरी शक्यता जास्त त्रासदायक आहे: प्रत्येक मैत्री दोनदा साठवलेली आहे, एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे. रिलेशनल डेटाबेसच्या जोड-टेबलमध्ये दोन्ही बाजूंच्या ओळी ठेवायची सवय असते, तीच इथे येते. ग्राफमध्ये तिची गरज नाही. निओफोरजेमध्ये प्रत्येक नात्याला दिशा असते हे खरं, पण वाचताना ते कोणत्याही बाजूने तितक्याच सहज ओलांडता येतं. पॅटर्नमध्ये बाण लावला नाही की झालं.

हे झालंय का ते ओळखायची एक सोपी खूण आहे. सामायिक मित्रांचा आकडा प्रत्येकासाठी ४च्या पटीत येत असेल तर मैत्री दुहेरी साठवलेली आहे. माझ्याकडून मित्राकडे जायला दोन नाती, मित्राकडून पुढे जायला दोन नाती, म्हणून प्रत्येक सामायिक मित्रामागे चार वाटा. सात सामायिक मित्रांचे अठ्ठावीस होतात. आणि एका नात्याने जाऊन दुसऱ्याने परत येणं आता नियमात बसत असल्याने मी स्वतः माझ्या मित्रसंख्येच्या दुप्पट वेळा येतो. आकड्याने क्रम लावला की पहिल्या जागेवर बहुधा आपणच दिसतो ते त्यामुळे.

खात्रीसाठी हा पॅटर्न मोजा:

(क)-[र१:मैत्री]->(ख), (ख)-[र२:मैत्री]->(क)

सोबत 'क चा आयडी ख च्या आयडीपेक्षा लहान' ही अट घाला, नाहीतर प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाईल. आकडा शून्य नसेल तर त्याच अटीने र२ काढून टाकायचं. काढण्याआधी दोन्ही नात्यांवरच्या प्रॉपर्टी (त्यांवर नोंदलेली माहिती) पाहून घ्या; मैत्री कधी झाली ती तारीख काही वेळा एकाच बाजूला असते. नाती लाखोंच्या घरात असतील तर एका फटक्यात काढू नका, तुकड्या-तुकड्यांनी काढा. निओफोरजेच्या ४.४ आवृत्तीपासून त्यासाठी 'कॉल … इन ट्रान्झॅक्शन्स' आहे.

साफसफाईनंतर लिहिणारा कोड बदलला नाही तर सगळं पुन्हा तिथेच येईल. मैत्री जोडताना दोन्ही नोड आधी मॅचने शोधा आणि मग बाण न लावता मर्ज करा. बाण नसला की मर्ज दोन्ही दिशांनी नातं शोधतो आणि सापडलं नाही तरच एक नवं करतो. नोड न शोधता अख्खा पॅटर्न मर्जला दिलात तर त्यातला एक भाग जरी नसला तरी तो सगळा पॅटर्न नव्याने तयार करतो, नोडसकट. एकाच माणसाचे दोन नोड यातूनच होतात. ते थांबवायला वापरकर्त्याच्या आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दोनदा येऊ न देणारा नियम) हवाच. त्याच्याशिवाय एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्यांमधून दोन नोड होऊ शकतात.

'अनुसरण' हे नातं मात्र वेगळं. तिथे दिशा हाच अर्थ आहे, दोघांनी एकमेकांना अनुसरणं म्हणजे दोन खरी नाती. वरची सफाई त्याच्यावर चालवू नका.

ग्रेमलिनमध्ये मुळात हा नियमच नाही. 'बोथ' (दोन्ही दिशांनी एक पाऊल) दोनदा लावलं की तुम्ही स्वतः परत येणारच. 'सिंपलपाथ' (वाटेत कोणी पुन्हा येऊ न देणारं) किंवा स्पष्ट वगळणी लावावी लागते. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीक्यूएल या ग्राफ क्वेरी-भाषेच्या आयएसओ मानकात (३९०७५) तर वाटेचे प्रकार नावानेच सांगता येतात: वॉक, ट्रेल, अॅसायक्लिक, सिंपल. सायफरची नेहमीची वागणूक म्हणजे यातला ट्रेल, नातं पुन्हा न वापरणारी वाट.

डिस्टिंक्टने नेमकं काय पुसलं जातं

डुप्लिकेट दिसले की हात डिस्टिंक्टकडे जातो. सुचवण्याच्या यादीसाठी तो बहुधा चुकीचा उपाय आहे. मंदार सात वेळा आला, यातला सात हा आकडाच कामाचा आहे: सामायिक मित्रांची संख्या. ती पुसली तर क्रम कशावर लावणार? त्याऐवजी सुचवलेल्या माणसावर गट करून मित्र मोजा. मोजतानाही 'मित्र' वेगळे मोजा, म्हणजे एखादं दुहेरी नातं चुकून उरलं तरी आकडा फुगणार नाही. आधीच मित्र असलेले आणि ब्लॉक केलेले लोक 'असा पॅटर्न नसावा' या अटीने वगळा.

वेळ कुठे जातो

इथे अंदाज हमखास चुकतो. सरासरी १०० मित्र धरले तर दोन पावलांत १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० वाटा, असं गणित कागदावर मांडलं जातं. फेसबुकच्या संशोधकांनी २०११ मध्ये ७२ कोटी १० लाख वापरकर्त्यांच्या जाळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १०० मित्र असलेल्या वापरकर्त्याच्या दोन पावलांच्या वाटा सरासरी ४०,३०० निघाल्या आणि त्यांच्या टोकाला वेगवेगळी माणसं २७,५००. म्हणजे वाटा कागदावरच्या आकड्याच्या चौपट.

कारण समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्येच मांडलं होतं: तुमच्या मित्रांना सरासरीने तुमच्यापेक्षा जास्त मित्र असतात. ज्याच्या ओळखी भरपूर तो भरपूर लोकांच्या यादीत असतो, म्हणून मित्राकडे एक पाऊल टाकलं की आपण सरासरी माणसाकडे जात नाही, जास्त ओळखीच्या माणसाकडे जातो. फेसबुकच्या त्या अभ्यासात सर्व वापरकर्त्यांची सरासरी मित्रसंख्या १९० होती, मित्रांची मात्र ६३५. सरासरीवरून क्षमता ठरवली की ती कमीच पडणार, आणि चाचणीत हे दिसतच नाही. रँडम पद्धतीने जोडलेल्या डेटात सगळ्यांना साधारण सारखेच मित्र असतात. चाचणीसाठी एलडीबीसी या ग्राफ डेटाबेसच्या कसोट्या ठरवणाऱ्या संस्थेच्या सोशल नेटवर्क बेंचमार्कचा डेटा-जनरेटर वापरणं बरं. त्यात ओळखींचं वाटप खऱ्या जाळ्यासारखं विषम असतं.

२०११ मधल्याच दुसऱ्या मापनात फेसबुकवरच्या कोणत्याही दोन माणसांमधलं सरासरी अंतर ४.७४ नाती निघालं. म्हणजे कोणी *१..५ (एक ते पाच पावलं) लिहिलं की त्याने जवळजवळ अख्खं जाळं मागितलं. आणि माणसं नव्हे, त्यांच्यापर्यंतच्या सगळ्या वाटा.

प्रोफाइल वाचा, पण योग्य माणसावर

क्वेरीच्या आधी एक्सप्लेन लावलं की ती न चालवता आराखडा दिसतो. प्रोफाइल लावलं की ती खरोखर चालते आणि प्रत्येक टप्प्याच्या ओळी व डीबी हिट्स (साठवलेल्या डेटाला किती वेळा हात लावला) दिसतात. जी क्वेरी संपतच नाही तिच्यावर चालू सर्व्हरवर प्रोफाइल लावण्यात अर्थ नाही. आधी एक्सप्लेन, मग खोली कमी करून प्रोफाइल. आणि सर्वाधिक मित्र असलेल्या वापरकर्त्यावर लावा. मध्यम मित्रसंख्येच्या माणसावर घेतलेलं प्रोफाइल फसवं समाधान देतं.

पहिलं पाहायचं ते सुरुवातीचं पाऊल. तिथे युनिक इंडेक्स सीक (इंडेक्समधून थेट नेमका नोड) असेल तर ठीक. लेबल (नोडचा प्रकार) स्कॅन किंवा ऑल नोड्स स्कॅन, म्हणजे नोड एकेक करून चाळणं, असेल तर इंडेक्स नाही, किंवा आहे पण पॅटर्नमध्ये लेबल लिहायचं राहिलं आहे. इंडेक्स लेबल आणि प्रॉपर्टी या जोडीवर असतो, लेबल न देता नुसता आयडी दिला तर तो वापरला जात नाही. यात एक उपप्रकार आहे: साठवलेला आयडी अंक आणि पाठवलेला मजकूर. तेव्हा क्वेरी वेगाने चालते आणि रिकामी परतते, त्यामुळे लोक भलतीकडेच शोधत बसतात.

पुढे ओळींचा आकडा कुठल्या टप्प्यावर उडी मारतो ते पाहा. बदलत्या लांबीचा पॅटर्न असेल तर टप्प्याचं नाव महत्त्वाचं. 'व्हारलेंथएक्सपांड'पुढे 'ऑल' लिहिलेलं असेल तर डेटाबेस एकूण एक वाट चालतोय. 'प्रूनिंग' असेल तर एकदा पोहोचलेल्या नोडकडे पुन्हा जाणाऱ्या वाटा तो छाटतोय. दुसरं आपोआप मिळतं, पण अटींवर: उत्तरात फक्त वेगळी टोकं हवीत असं डिस्टिंक्टने सांगितलेलं असावं आणि वाटेला नाव देऊन ती पुढे कुठे वापरलेली नसावी. पुष्कळदा क्वेरीत वाटेला जुन्या प्रयोगातलं एक नाव दिलेलं असतं आणि तिची लांबी उगाच परत पाठवलेली असते. तेवढं काढलं की आराखडा बदलतो. म्हणजे पहिल्या दोन पावलांत क्रम लावायचा तेव्हा डिस्टिंक्ट टाळायचा, आणि खोलवर फक्त 'कोण कोण आहे' एवढंच हवं असेल तेव्हा तो लावायचाच.

आराखड्यावर भरवसा नसेल तर पावलं हाताने पाडा: एक पाऊल, विथ (मधलं उत्तर पुढे देणारं कलम) डिस्टिंक्ट, पुढचं पाऊल. वरच्याच आकड्यांत तिसरं पाऊल ४०,३०० ओळींवरून टाकण्याऐवजी २७,५०० वरून पडेल. फार मोठी बचत वाटत नाही, पण खोल जाल तशी ती वाढते आणि जिथे सगळे एकमेकांना ओळखतात अशा घट्ट गटांत तर बरीच वाढते. फक्त लक्षात असू द्या, पावलं वेगळ्या मॅचमध्ये गेली की नात्यांच्या एकदाच वापराचा नियम सुटतो आणि तुम्ही स्वतः यादीत परत येता.

लिमिटबद्दल एक गैरसमज इथेच निस्तरू. 'मला फक्त दहाच हवेत, मग एवढा वेळ का?' मोजणी करून क्रम लावायचा असेल तर पहिले दहा कोण हे सगळे मोजल्याशिवाय कळत नाही. लिमिट तेव्हा शेवटी कापतो, आधीचं काम वाचवत नाही.

ज्याला सगळे ओळखतात तो नोड

काही वापरकर्त्यांनाच क्वेरी अडते याचं उत्तर बहुधा इथे असतं. त्यांच्या मित्रांत एखादा असा असतो की ज्याला लाखो नाती आहेत. त्याच्यातून जाणारी प्रत्येक वाट डेटाबेस इमानाने चालतो.

माझं मत सरळ आहे: अशा नोडमधून जाऊच नका. तुम्ही दोघं एकाच प्रसिद्ध माणसाला ओळखता यावरून तुमची ओळख असेल असं काहीच ठरत नाही. वगळल्याने यादी उलट सुधारते. हीच कल्पना लाडा अॅडामिक आणि एतान अदार यांच्या २००३ च्या मापात आहे: प्रत्येक सामायिक मित्राचं वजन त्याच्या नात्यांच्या संख्येच्या लॉगरिदमने भागायचं. अनेक लोकांना ओळखणारा मित्र हलका, मोजक्यांना ओळखणारा जड. निओफोरजेच्या ग्राफ डेटा सायन्स लायब्ररीत ते तयार मिळतं.

वगळण्यासाठी मधल्या मित्राची नातीसंख्या मोजून मर्यादा घाला. ही मोजणी स्वस्त पडते, कारण दाट (पुष्कळ नाती असलेल्या) नोडसाठी निओफोरजे प्रकार आणि दिशेनुसार संख्या जवळ बाळगतो. मात्र मोजणीच्या पॅटर्नमध्ये पलीकडच्या नोडला लेबल लावलंत की ही सवलत गेली. मग प्रत्येक नातं ओलांडून पलीकडचं लेबल तपासावं लागतं.

याच कारणाने 'संबंध' असं एकच नातं ठेवून मैत्री, अनुसरण, ब्लॉक हे प्रॉपर्टीत लिहिणं महागात पडतं. प्रकार वेगळा असेल तर नको असलेल्या नात्यांकडे डेटाबेस बघतही नाही. प्रॉपर्टीत असेल तर प्रत्येक नातं उघडून वाचावं लागतं.

दोघांमधली सगळ्यात छोटी साखळी

शॉर्टेस्टपाथ एरवी वेगवान असतो, कारण तो दोन्ही टोकांकडून एकदम शोध घेतो. तो अडला तर व्हेअर पाहा. 'वाटेतला कोणीही ब्लॉक केलेला नसावा' अशी प्रत्येक नोडवरची अट शोध चालू असतानाच तपासता येते. 'वाटेची लांबी तीनपेक्षा जास्त असावी' अशी अख्ख्या वाटेवरची अट मात्र वाट पूर्ण झाल्यावरच कळते. सापडलेली वाट तिच्यात बसली नाही की डेटाबेस सगळ्या वाटा धुंडाळायला लागतो. वरची मर्यादा नेहमी द्या. आणि दोन्ही टोकं एकच माणूस असेल तर एरर येते, त्याची तपासणी क्वेरीच्या बाहेरच करून टाका.

वापरकर्त्याच्या प्रोफाइल पानाची क्वेरी

मैत्रीचा संबंध नाही असं वाटणारं, पण त्याच मुळाचं एक दुखणं: एकाच क्वेरीत तीन ऑप्शनल मॅच (काही जुळलं नाही तरी ओळ ठेवणारे मॅच), एक मित्रांसाठी, एक गटांसाठी, एक पोस्टसाठी. २०० मित्र, ५० गट आणि ३०० पोस्ट असतील तर ओळी ५५० होत नाहीत, ३० लाख होतात, कारण प्रत्येक मित्र प्रत्येक गटाशी आणि प्रत्येक पोस्टशी जुळतो. प्रत्येक ऑप्शनल मॅचनंतर लगेच विथमध्ये कलेक्ट (एका यादीत गोळा करणं) किंवा मोजणी करून एका ओळीवर या, मगच पुढचा लिहा. अट लावायची असेल तर व्हेअर त्याच ऑप्शनल मॅचला चिकटून हवा. विथच्या खाली गेला की मित्र नसलेले वापरकर्ते उत्तरातून गुपचूप गळतात.

एवढं करूनही ठरावीक वापरकर्त्यांसाठी वेळ खाली येत नसेल, तर त्यांची यादी मागणीच्या वेळी काढू नका. ज्यांची नाती एका मर्यादेपलीकडे आहेत त्यांच्यासाठी ती आधीच काढून नोडपाशी 'सुचवणी' अशा वेगळ्या नात्याने ठेवा, ठरावीक काळाने ताजी करा आणि वाचताना ब्लॉकची अट तेवढी नव्याने तपासा, कारण ब्लॉक केलेला माणूस रात्रभरही दिसलेला चालत नाही. मदत मागायची वेळ आलीच तर डेटाबेसची आवृत्ती, प्रोफाइलचा पूर्ण आराखडा आणि सुरुवातीच्या नोडची नातीसंख्या सोबत द्या. यातली शेवटची बहुतेक जण देत नाहीत, आणि उत्तर देणाऱ्याला पहिल्यांदा हवी असते तीच.